मावशीकडचा मुलगा

शाळेत असतानाच माझी रवानगी मालवणहून दादरला मावशीकडे झाली. त्या घरात मी भलताच विनोदी होतो. आल्यागेल्याच्या नकला करायच्या आणि मावसभावंडांना हसवायचे! ‘पोर मोठे आनंदी हो!’ असे सारे म्हणत.

हे आठवले ते आमच्या नातीमुळे. या सुट्टीत तिने मला ‘द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर’ ही १९९० ते १९९६ या काळातली अमेरिकन विनोदी मालिका दाखवली. फिलाडेल्फियाचा विल बास्केटबॉलच्या मैदानावर भांडणात सापडतो. घाबरलेली आई त्याला लॉस एंजेलिसच्या बेल-एअर या धनिकांच्या वस्तीत मावशीकडे धाडते. मावशीचे यजमान फिल बडे वकील. शिस्त त्यांची, खोड्या याच्या! विल स्मिथ या नटाने त्यात धमाल उडवली आहे.

मग नातीने दुसरी मालिका लावली. मॉर्गन कूपर या तरुण दिग्दर्शकाने २०१९ साली याच कथेतला हशा काढून एक छोटी चित्रफीत केली. खुद्द विल स्मिथने ती उचलून धरली आणि २०२२ साली ‘बेल-एअर’ ही गंभीर मालिका आली. माणसे तीच, पण आता मैदानावर पिस्तूल निघते, विलला पोलीस पकडतात. पूर्वी नाचून हसवणारा मावसभाऊ कार्लटन इथे नशेच्या गोळ्यांच्या आहारी गेला आहे.

“आजोबा, हसणेच काढले तर उरले काय?” नातीने विचारले.

मी तिला जुन्या मालिकेतला १९९४ सालचा एक भाग पुन्हा लावायला सांगितला. वर्षानुवर्षे बेपत्ता असलेला बाप येतो, विलला आशा लावतो आणि पुन्हा निघून जातो. विल आधी बेफिकिरीचा आव आणतो आणि मग कोसळतो. फिल त्याला पोटाशी धरतात. कूपरने दुःख बाहेरून आणलेले नाही. हशाखाली होते तेच उघडे केले. तरी माझे मन जुन्या विलकडेच ओढते. दुसऱ्याच्या घरी जेवणारे पोर का हसवते, हे त्याला ठाऊक होते.

एका रात्री गॅलरीत मी जागाच होतो. काका शेजारी येऊन बसले. मी सवयीने नक्कल सुरू केली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

“रोज हसवायलाच हवे असे नाही रे,” ते म्हणाले. “घर तुझेच आहे.”