तिसरी सरी

सकाळी सात
जानेवारी हा इथे दोन कामांचा महिना. उभा ऊस कारखान्याला जातो आणि मोकळ्या रानात सुरू उसाची लागण होते. पुरुषोत्तमनगरला सातपुडा-तापी परिसर साखर कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉल्या धावायला लागल्या आहेत. आबा सरी पाडायला शेतात गेलेत. मी माडीवर लॅपटॉप उघडून बसते. सध्या हातात आहे तालुक्यातल्या एका ऊस रोपवाटिकेची वेबसाइट: वर जातींची कार्डं, खाली शेतकऱ्यांच्या मागणीची यादी. को ८६०३२ कुणाला, फुले २६५ कुणाला, किती रोपं, कोणत्या तारखेला.

आठ
पान आधी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं आहे. कार्डांना आळीपाळीने तीन रंग हवेत: हिरवा, पिवळा, मातकट. त्यासाठी लूपमध्ये, म्हणजे एकामागून एक कार्ड तयार करणाऱ्या कोडमध्ये, एकेक अट घातली आहे. क्रमांक शून्य असेल तर हिरवा, एक असेल तर पिवळा, असं करत अकरापर्यंत. तेरावं कार्ड आलं की ते पांढरंच राहतं.

इथे भागाकाराची बाकी पुरते. क्रमांकाला तीनने भागा, बाकी ०, १ किंवा २ यांपैकीच उरणार, कार्डं बारा असोत की बाराशे. त्याहून बरं म्हणजे रंगांची एक यादी करायची आणि तीनऐवजी यादीच्या लांबीने भागायचं. उद्या रोपवाटिकेने चौथा रंग मागितला तर तो यादीत टाकला की झालं, लूपला हात लावायची गरज नाही.

एवढं लिहून झाल्यावरही मी रंगाची ती ओळ लूपमधून काढून टाकते. लूपचं काम कार्ड तयार करणं. ते दिसावं कसं, हे सीएसएसने सांगावं, आणि त्यासाठी त्यात ‘एनटीएच-चाइल्ड’ आहे. २०११ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने सिलेक्टरांच्या ज्या आवृत्तीला अंतिम मान्यता दिली, तिच्यात हा आहे. कंसात ३एन+१ लिहिलं की पहिलं, चौथं, सातवं कार्ड हिरवं होतं. लूप शून्यापासून मोजतो आणि सीएसएस एकपासून, हे मात्र डोक्यात ठेवावं लागतं. लूपमधली बाकी शून्य म्हणजे इकडे ३एन+१. नवीन मुलं शिकायला येतात तेव्हा मी त्यांना आधी हे कागदावर मांडायला लावते.

साडेदहा
रोपवाटिकेच्या भाऊंचा फोन. “ताई, यादीत एक ओळ पांढरी, एक राखाडी, ते झकास दिसतंय. पण मी गावाचं नाव टाकून शोधलं की सगळं विस्कटतं. तीन राखाडी एकाखाली एक येतात.”

भाऊंनी नेमकं बोट ठेवलं. शोधल्यावर नको असलेल्या ओळी लपतात, पण पानातून जात नाहीत. ब्राउझर त्यांनाही मोजत राहतो. दुसरी, चौथी, आठवी ओळ दिसत असेल तर तिन्ही सम, म्हणून तिन्ही राखाडी. दुसरं दुखणं महिन्याच्या मथळ्यांचं. ‘फेब्रुवारी’ ही मधली ओळसुद्धा मोजणीत धरली जाते आणि तिच्या खालचा क्रम एकाने सरकतो.

बरेच जण इथे लूप परत फिरवतात आणि दिसणाऱ्या ओळी मोजून नव्याने रंग लावतात. चालतं तसंही. पण आता एनटीएच-चाइल्डच्या कंसातच सांगता येतं की मोजायचं कुणाला: ‘ईव्हन’पुढे ‘ऑफ’ लिहायचं आणि त्यापुढे अट, की नोंदीची ओळ असावी आणि लपलेली नसावी. सफारीत हे २०१५ पासून होतं, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये २०२३ साली आलं. जुना ब्राउझर असा नियम अख्खाच टाकून देतो, म्हणून त्याच्यासाठी प्रत्येक ओळीखाली एक बारीक रेघ ठेवली आहे. तिथे पट्टे नाही दिसले तरी यादी वाचता येते.

दुपारी एक
आबांचा डबा घेऊन शेतात. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. शेतीच्या विजेची पाळी या आठवड्यात दिवसाची, त्यामुळे मोटार चालू आहे आणि आबा खुशीत आहेत.

त्यांची लागण जोडओळ पट्टा पद्धतीची. सगळ्या रानात अडीच-अडीच फुटांवर सऱ्या पाडायच्या, दोन सऱ्यांत ऊस लावायचा आणि तिसरी रिकामी सोडायची. उसाच्या दोन ओळींत अडीच फूट आणि जोडीजोडीत पाच फुटांचा पट्टा. त्या पट्ट्यातून ऊन-वारा आत जातो, मशागतीला वाट राहते, सुरुवातीचे महिने त्यात भुईमूग किंवा कांदा निघतो. मी सकाळभर लिहीत होते तोच हा ३एन. फरक मोजणाऱ्याचा. गडी लागण करत येतो, मध्ये पाइपलाइनसाठी एक सरी बुजवलेली असते. तो ती मोजत नाही, पलीकडून जोडी पुढे चालू ठेवतो. कुठली सरी धरायची हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. ब्राउझरला ते लिहूनच द्यावं लागतं.

मी आबांना विचारलं, खडकाळ कोपऱ्यात काय करता? म्हणाले, “तिथे पट्टा मोजत नाहीत, बाई. तिथे जमीन बघतात.”

तीन
आज मला लिहायचं आहे ते याच कामाबद्दल. भाऊंना हवंय की ज्यांचे पैसे यायचे आहेत, त्यांची ओळ लाल दिसावी. आधीच्या पानात तेही क्रमांकाने केलं होतं: तिसरी, सातवी, नववी लाल. यादी तारखेप्रमाणे लावली की लाल रंग भलत्याच शेतकऱ्याच्या नावावर. ज्याने रोपांचे सगळे पैसे रोख मोजले, त्याचं नाव चारचौघांत उधारीत दिसावं, हे मला सहन होत नाही.

क्रमाने येणारा रंग फक्त डोळ्याला आधार द्यायला असतो, ओळ चुकू नये म्हणून. त्याने कुणाबद्दल काही सांगायचं नसतं. जिथे रंग काही सांगतो, तिथे तो त्या माणसाच्या नोंदीतूनच आला पाहिजे. म्हणून लूप प्रत्येक ओळीवर पैशांच्या स्थितीची खूण ठेवतो आणि सीएसएस ती खूण वाचतं. शिवाय ओळीत ‘येणे’ असा शब्दही घातला, कारण लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसत नाही. मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान साडेचारास एक इतकी तफावत ठेवावी, असा वेबचा नियम आहे. भाऊंनी निवडलेला लाल त्यात बसेना, तो फिका केला आणि अक्षरं काळी ठेवली.

पाच
भाऊंचा मुलगा यादी छापून शेतावर नेतो. छापताना ब्राउझर पार्श्वभूमीचे रंग सहसा गाळतो, म्हणजे कागदावर पट्टेही नाहीत आणि लालही नाही. छपाईसाठी वेगळा नियम लिहिला: दर पाचव्या दिसणाऱ्या ओळीखाली जाड रेघ. टेम्पोतून रोपं उतरवताना बोट ठेवून मोजायला ती कामाला येईल. ‘येणे’ हा शब्द छापील कागदावर ठळक.

सहा वाजता भाऊंना पान पाठवलं. त्यांनी तीन गावांची नावं टाकून पाहिली, मग फोन केला: “पट्टे जागेवर आहेत. आता महिन्याप्रमाणे एकूण रोपं खाली येतील का?” येतील. उद्या सकाळी तेच.