अष्टमीला बिरडं

सोमवारी कोबी, बुधवारी मासे असा आठवड्याचा तक्ता रायगडच्या किनाऱ्यावर टिकत नाही. इथला मासा वार पाहून येत नाही, तिथी पाहून येतो. डोल जाळं समुद्रात एका जागी बांधलेलं असतं. भरती-ओहोटीची ओढ जितकी जोरात, तितकं ते भरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात बोंबील, करंदी, जवळा, मांदेली भरपूर आणि परवडणारी. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस, पाणी मंद, टोपल्याही हलक्या. तेव्हा मासळीसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा सरळ कडव्या वालांचं बिरडं करावं. मात्र ते ऐन वेळी सुचून भागत नाही. भिजवायचं, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा. म्हणजे अष्टमीच्या बिरड्याचे वाल षष्ठीलाच पाण्यात पडायला हवेत. बेत करायचा तर पंधरवड्याचा करावा, कॅलेंडर जवळ ठेवून.

हे वाल भातकापणीनंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाढतात. जानेवारीत ओल्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात जातात, ती पोपटी. वाळलेले दाणे वर्षभर डब्यात. भाताच्याच शेतात अलिबागचा पांढरा कांदाही होतो. त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. पातीसकट विणलेली त्याची वेणी हवेशीर जागी टांगली की पावसाळ्यातही कांदा हाताशी राहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलात तर कुजणारच.

खरी परीक्षा पावसाळ्याची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. श्रावण पाळणाऱ्या घरात ही सुट्टी आणखी लांबते. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात आगोटीची बेगमी होते: सुके बोंबील, सुकट, वाकट्या आणि सोललेल्या कोळंबीचे सोडे. सोडे महाग, पण मूठभर घातले तरी वांग्या-बटाट्याचा रस्सा घरभर दरवळतो.

ही साठवण केवळ टंचाईपोटी होते असं मानणं मला पटत नाही. पहिल्या पावसाबरोबर आदिवासी बायका शेवळं घेऊन बाजारात बसतात. नुसती शिजवली तर घसा खाजवतात, म्हणून सोबत आंबट काकडं लागतात. ती विकणारीकडेच मिळतात, मागून घ्यावीत. या भाजीत सोडे पडले की तिला जी चव येते, ती ताज्या कोळंबीने येत नाही. मे महिन्यात वाळवलेलं जूनमध्ये उगवलेल्याला भेटतं, हे कुणीतरी फार पूर्वी चाखून ठरवलेलं असणार. मागोमाग कोवळा टाकळा आणि कंटोली येतात. ती मिळतील तशी घ्यावीत.

सोडे मात्र ढग जमायच्या आत घ्यावेत. घेताना एक हातात मोडून पाहावा. कडकन तुटला तर ठीक. वाकला तर आत ओल आहे, त्याला आषाढात बुरशी लागेल.