मालक पारखूनच स्टिअरिंग हाती घ्या

गळीत हंगाम संपला की फलटण भागातले ऊसवाहतुकीचे तरुण लोखंड-पाइप वाहणाऱ्या उघड्या ट्रेलरवर नोकरी शोधतात. बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो. मग मुलाचा जीव ज्याच्या गाडीवर सोपवायचा, त्या मालकाची पारख नको का?

आधी विमा, फिटनेस व परमिट पाहावे. मग टायर, ब्रेक आणि माल आवळायच्या साखळ्या. साखळी सैल असली की ब्रेक दाबताच लोखंड केबिनवर येते. साखळ्या कोणाच्या खर्चाने, हे प्रथमच ठरवावे.

पगार महिन्याचा की खेपेचा, भत्ता वेगळा का, गाडी खोळंबली तर काय, हे लिहून घ्यावे. नुसत्या खेपेवर पैसे असले की झोप मोडून गाडी पळवली जाते. 1961 च्या कायद्याने चालकाला सर्वसाधारणपणे दिवसाला 8 तासांची मर्यादा घातली होती, ती उगीच नव्हे.

जादा भाराला 2019 च्या दुरुस्तीने 20,000 रुपये व वरच्या दर टनाला 2,000 रुपये दंड ठरला. तो चालवणाऱ्यालाही लागू होतो. म्हणून ‘भर रे, मी बघतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहावे.

शेवटी त्याच्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांना गाठून विचारावे. जिथे माणसे वर्षानुवर्षे टिकतात, तिथे घरच्यांनी मुलाला निर्धास्त धाडावे.