कार्निव्हलला जाण्यापूर्वी

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मच्छे गावाला चित्ररथांचे अप्रूप नाही. शिवजयंतीच्या निमित्ताने बेळगाव शहरात रात्रभर चालणारी चित्ररथांची मिरवणूक या पंचक्रोशीच्या अंगवळणी पडलेली आहे. याच मच्छ्याहून सह्याद्री ओलांडला, की सुमारे सव्वाशे किलोमीटरांवरील पणजीत चित्ररथांची एक निराळी मिरवणूक पाहावयास मिळते. ती कार्निव्हलची होय. अंतर फारसे नसल्यामुळे तेथे जाण्याचे बेत पुष्कळ होतात. परंतु त्यांतील बरेचसे दोन कारणांनी फसतात. एक तर तारीख चुकते, आणि दुसरे म्हणजे उत्सवाचा अर्थ ध्यानात न घेताच लोक निघतात.

कार्निव्हलची तारीख दरवर्षी बदलते, याचे कारण तो ईस्टरशी बांधलेला आहे. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार हा ईस्टरचा. त्याच्या ४६ दिवस आधीच्या बुधवारी ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळास प्रारंभ होतो. मधले रविवार वगळले म्हणजे उपवासाचे दिवस बरोबर चाळीस भरतात. या बुधवारच्या आधीचे शनिवार ते मंगळवार हे चार दिवस कार्निव्हलचे. पंचांग पाहणाऱ्याला याची एक सोपी खूण सांगता येईल. पौर्णिमेपासून सुमारे दीड महिना मागे गेले म्हणजे अमावास्याच येते. म्हणून कार्निव्हल नेहमी अमावास्येच्या आगेमागे पडतो. ही अमावास्या कधी माघाची असते, तर कधी पौषाची. २०२६ साली १४ ते १७ फेब्रुवारी हे कार्निव्हलचे दिवस होते आणि महाशिवरात्र त्यांतच, १५ तारखेला आली. २०२७ साली मात्र तो ६ ते ९ फेब्रुवारीस, म्हणजे महाशिवरात्रीच्या महिनाभर आधीच पडतो. गेल्या वर्षीची तारीख मनात धरून निघणाऱ्याची निराशा व्हावयाची ती यामुळे.

या गणितातच उत्सवाचा अर्थही दडलेला आहे. कार्निव्हल या शब्दाचे मूळ मांस दूर सारणे या अर्थाच्या लॅटिन शब्दांत सांगितले जाते. चाळीस दिवसांचे व्रत उंबरठ्याशी आले आहे, तेव्हा त्यापूर्वी चार दिवस मनसोक्त खावे, गावे आणि हसावे, अशी ही कल्पना. गोव्यात या सणाचे जुने नाव इंत्रुज. ते पोर्तुगीज ‘एंत्रुदो’वरून आले असून त्याचा मूळ अर्थ प्रवेश असा आहे, प्रवेश अर्थातच व्रतकाळातला. जुन्या इंत्रुजात लोक एकमेकांवर पीठ उधळीत, रंगीत पाणी उडवीत. रंगपंचमी खेळणाऱ्याला ते मुळीच परके वाटू नये. आज दिसणारी चित्ररथांची शहरी मिरवणूक त्या मानाने अर्वाचीन आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि त्यानंतरच्या दशकात तिने आकार घेतला. तिच्या अग्रभागी किंग मोमो हा विनोदी राजा असतो. चार दिवसांचे राज्य हाती घेऊन तो प्रजेला खाण्यापिण्याचे आणि मौजेचे फर्मान सोडतो.

हे राज्य पाहावयास कोणत्या दिवशी कोठे जावे? सामान्यतः शनिवारी पणजी, रविवारी मडगाव, सोमवारी वास्को आणि मंगळवारी म्हापसा असा मिरवणुकीचा क्रम असतो. ज्याला रविवारचीच सुटी मिळते, त्याने पणजीचा हट्ट न धरता मडगाव गाठणे शहाणपणाचे. मिरवणूक दुपारनंतर निघते. तिचा मार्ग मात्र बदलत असतो. पणजीत ती पूर्वी मांडवीच्या काठाने जात असे, तर अलीकडे ती मिरामार ते दोना पावला या बाजूलाही निघालेली आहे. म्हणून त्या वर्षीचा जाहीर झालेला मार्ग पाहूनच मुक्कामाची जागा ठरवावी, आणि तीही महिनाभर आधी. कारण त्या दिवसांत खोल्या मिळणे कठीण होते व दरही चढतात.

मच्छ्याहून जाण्याच्या वाटा तीन आहेत. पिरनवाडीवरून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट आणि साखळी ही वाट जवळची. खानापूर, लोंढा, अनमोड घाट आणि फोंडा ही दुसरी. तिसरी लोहमार्गाची, बेळगावहून गोवा एक्सप्रेस लोंढ्यावरून मडगावास जाते आणि वास्कोस थांबते. चोर्ल्याच्या वाटेने बसगाड्याही आहेत. स्वतःची मोटार असल्यास ती पणजीच्या गर्दीत नेऊ नये. मांडवीपलीकडे बेतीस ठेवून फेरीबोटीने नदी ओलांडावी. घाटांतील वाट अरण्यातून जाते आणि वळणे अवघड आहेत. मोमोचे फर्मान गाडी हाकणाऱ्यास लागू नाही, हे निघतानाच ठरवून घ्यावे, आणि रात्रीच परतण्याचा आग्रह सोडून द्यावा.

चित्ररथ पाहून झाल्यावर एक दिवस हाती असेल, तर तो सासष्टीच्या खेड्यांना द्यावा. शहरातील मिरवणुकीत व्यापारी जाहिरातींचेही रथ असतात. खेड्यांत मात्र अंगणात आणि चौकात ‘खेळ’ नावाची कोंकणी संगीत नाट्ये रंगत आली. गावचा पुढारी असो वा सावकार, त्याची थट्टा करण्याची मुभा या दिवसांत असे. चांदर गावी याच काळात मुसळांच्या तालावर मुसळ खेळ होतो. चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, गोव्याच्या कदंबांची राजधानी. आणि त्याच कदंबांची दुसरी राजधानी म्हणजे मच्छ्यापासून दूर नसलेली, खानापूर तालुक्यातील हलशी. घाटाच्या दोन्ही अंगांचे हे नाते किती जुने आहे, ते अशा वेळी ध्यानात येते.

पाहुण्याने मर्यादाही ओळखावी. मुखवटा घालून नाचणारी स्त्री ही आपल्या सणात रमलेली यजमान आहे. तिला धक्का देण्याचा, किंवा तिच्या परवानगीवाचून तिचे छायाचित्र घेण्याचा अधिकार कोणत्याही फर्मानाने दिलेला नाही. अशा वर्तनामुळेच गोवेकरांना आपल्या सणात परकेपणा वाटू लागतो, आणि सण पाहावयास आलेलाच सणाचे नुकसान करून जातो.

मंगळवारी रात्री पणजीत लाल व काळ्या पोशाखातील नृत्याने उत्सवाची सांगता होते. शक्य असल्यास बुधवारची सकाळही तेथेच काढावी. रात्री नाचलेली माणसे त्या दिवशी चर्चमध्ये जातात आणि धर्मगुरूकडून राख लावून घेतात. माणूस मातीचा आहे आणि मातीतच मिळणार आहे, याची ती आठवण. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते. भस्माचा अर्थ जाणणाऱ्या मराठी माणसाला याचे स्पष्टीकरण नको. ती राख पाहिल्यावाचून परतणाऱ्याने कार्निव्हल अर्धाच पाहिला, असे म्हणावे लागेल.