साताऱ्याची सनद, समुद्राची राखण

साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर कितीही वेळ उभे राहिले तरी समुद्र दिसत नाही. सांगलीच्या घाटावर कृष्णेचे पाणी दिसते खरे, पण तेही पश्चिम समुद्राकडे पाठ करून पूर्वेकडे जाते. तेव्हा अशा गावांत किनाऱ्याच्या रक्षणाविषयी आम्ही काही सांगू लागलो, तर ‘याचा आपल्याशी संबंध काय?’ असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, अठराव्या शतकात कोकणच्या किनाऱ्याची राखण करणारा सर्वांत मोठा अधिकारी साताऱ्याच्या छत्रपतींचा चाकर होता. त्याचे नाव कान्होजी आंग्रे आणि हुद्दा सरखेल.

प्रथम राखण म्हणजे काय ते पाहू. लढाऊ आरमार आणि तटरक्षक दल ही दोन निराळी कामे आहेत, हे आपल्या देशाने १९७८ साली कायद्याने मान्य केले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारतीय तटरक्षक दलाचा कायदा झाला. चोरटा व्यापार रोखणे, परकी मासेमारी अडविणे, संकटातील नौकांना व कोळ्यांना वाचविणे ही त्याची रोजची कामे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रावर त्याला नजर ठेवावी लागते. या दलातला अधिकारी असिस्टंट कमांडंट म्हणून लागतो आणि पायरीपायरीने इन्स्पेक्टर जनरल, क्वचित डायरेक्टर जनरल होतो. त्याच्या साऱ्या चाकरीत तोफ डागण्याचे प्रसंग थोडे. जाब विचारण्याचे, कागद पाहण्याचे आणि सोडून देण्याचे प्रसंगच फार. कान्होजींची चाकरीही पुष्कळशी अशीच होती.

आंग्र्यांचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याकडील आंगरवाडीवरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. म्हणजे घराणे मूळचे घाटावरचे. समुद्रावर जन्मलेल्यानेच समुद्र राखावा असा काही नियम नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गावर कान्होजी पुढे आले आणि सिधोजी गुजरांच्या मागे, १६९८ च्या सुमारास, आरमाराचे प्रमुख झाले. त्या वेळी राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यातून नुकतेच सुटले होते आणि औरंगजेब दक्षिणेतच तळ देऊन होता. वरून पैसा नाही, हुकूम वेळेवर नाही, अशा दिवसांत हा माणूस किनारा धरून राहिला.

१७०७ साली औरंगजेब वारला, शाहू महाराज सुटून आले आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. कान्होजी मात्र ताराबाईंच्या पक्षाचे. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर धाडले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले आणि लोहगड घेतला. आता फौजेवर फौज पाठविता आली असती. पण १७१३ मध्ये नवे पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथांनी शस्त्र बाजूला ठेवून बोलणे लावले. लोणावळ्याजवळ तह ठरला. कान्होजींनी शाहूंना धनी मानले, पिंगळ्यांना सोडले. उलट त्यांना सरखेलीची सनद, दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी मिळाली.

आम्ही आयुष्यभर कामगारांच्या वतीने मालकांशी बोलणी केली आहेत. त्या अनुभवाने सांगतो की हा नमुनेदार करार होता. दोन्ही पक्षांची अब्रू राहिली, आणि मुख्य म्हणजे काम करणाऱ्याच्या हाती कामाची साधने राहिली. किनारा राखायला सांगायचे आणि किल्ला मात्र द्यायचा नाही, असे येथे झाले नाही.

या राखणीचे मुख्य हत्यार तोफ नसून दस्तक हे होते. दस्तक म्हणजे परवाना. गिरणीच्या फाटकावर जसा पास दाखविल्याशिवाय माल बाहेर पडत नाही, तसे सरखेलांचा दस्तक घेतल्याशिवाय व्यापारी गलबताने या किनाऱ्यावरून जाऊ नये, असा दंडक होता. पोर्तुगीज हाच नियम आपल्या परवान्यांनी सुमारे दोनशे वर्षे चालवीत आले होते. तोच हक्क मराठ्यांचा अधिकारी बजावू लागला, तेव्हा मात्र इंग्रजांनी त्याला चाचा ठरविले. कान्होजींच्या हातून जुलूम झालाच नाही असे आम्ही म्हणत नाही. १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने इंग्रजांच्या नौका धरल्या. त्या चकमकीत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याच्या तरुण पत्नीच्या सुटकेसाठी तीस हजार रुपये घेण्यात आले. तथापि चाचा कोणाला जबाबदार नसतो. सरखेल सनदेने बांधलेला असतो. हाच दोघांतला भेद.

इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर चाल केली; तिन्ही वेळा हात हलवीत परतले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन अलिबागच्या कुलाब्यावर आले. तेव्हा शाहूंनी बाजीरावांना फौज देऊन घाटाखाली पाठविले. पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि ती जूटही मोडली. किनाऱ्यावरचा अधिकारी संकटात असता घाटावरचे राज्य धावून गेले, तर काय होते हे त्या वर्षी दिसले.

पण किल्ले आणि सनदा एकट्याने आरमार चालवीत नाहीत. त्यांची गुराबे बहुधा दोन-तीन डोलकाठ्यांची. गलबते लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की हीच गलबते गुराबांना ओढून नेत. तीं वल्ही मारणारे हात कोळी, भंडारी, खारवी, मुसलमान अशा दर्यावर्दी लोकांचे. त्यांची नावे बखरींत सापडत नाहीत. ती नसतील म्हणून त्यांचा वाटा कमी होत नाही.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. त्यांची समाधी अलिबागेस आहे. त्यांच्या मागे मुलांत तंटे लागले, दौलत वाटली गेली. विजयदुर्गाकडचा तुळाजी शूर होता, पण पेशव्यांना जुमानीत नव्हता. १७४९ मध्ये शाहू साताऱ्यास वारले आणि समेट घडवू शकणारा धनी उरला नाही. मग पेशव्यांनी घरच्या सरखेलाला वठणीवर आणण्यासाठी इंग्रजांचे आरमार मदतीस घेतले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. तुळाजीला शिक्षा झाली. पण त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना खरा अटकाव करील असे मराठी आरमार राहिले नाही.

आमच्या चळवळीत एक गोष्ट आम्ही पुनःपुन्हा पाहिली आहे. संघटनेतल्या दोन गटांचे भांडण मिटवायला एकाने मालकाचा माणूस आत घेतला, की पुढच्या वर्षी दोन्ही गट फाटकाबाहेर दिसतात. १७१४ साली बोलण्याने सुटलेला प्रश्न १७५६ साली परक्याच्या तोफेने सोडविला गेला, आणि तोफ परक्याचीच राहिली.

समुद्र आपल्यापासून लांब आहे, ही समजूत आता तरी सोडावी. कराडचा माल पूर्वीपासून कुंभार्ली घाटाने चिपळुणास उतरत आला आहे. आणि २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर आलेले संकट समुद्रावरूनच आले. आज तटरक्षक दलातला एखादा मोठा अधिकारी निवृत्त होऊन आपल्या गावी आला, तर त्याला हारतुरे अवश्य द्यावेत. पण त्याबरोबर एवढे विचारावे: तुमच्या नौकेवरच्या माणसांना साधने पुरेशी होती का, आणि तुम्ही हाक मारली तेव्हा घाटावरून कोणी आले का? किनाऱ्याची राखण या दोन उत्तरांवर अवलंबून आहे.