मिउरा : वेगवान मोटारीचे गुणदोष

मोटारीचे यंत्र पुढे असावयाचे, ही आपली नेहमीची समजूत. इटलीतील लाम्बोर्गिनी कंपनीने १९६६ साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात मिउरा मांडली, तेव्हा तिचे बारा सिलिंडरांचे, सुमारे चार लिटरचे यंत्र चालकाच्या पाठीमागे, आणि तेही आडवे बसविलेले होते. शक्ती ३५० अश्वशक्तीची! असे कां केले? काठीच्या दोन्ही टोकांस ओझे बांधून ती गरगर फिरवून पाहा. मग तेच ओझे मध्यभागी बांधून पाहा. फरक हातालाच कळेल. वळणावर मिउरा चटकन वळे, ती याच कारणाने.

जागेच्या टंचाईमुळे यंत्राला व गिअरपेटीला वंगण मात्र एकच ठेवावे लागले. दात्यांचा कीस यंत्रात शिरण्याची धास्ती राहिली. याहून गंभीर गोष्ट निराळीच. पेट्रोलची टाकी होती पुढे. ती रिकामी होत जाई तसतसा पुढील भाग हलका होई, आणि भरवेगात वारा तो उचलू पाही; सुकाणूची पकड नेमकी त्याच वेळी सैल पडावयाची. बेर्तोनेच्या कारखान्यात गांदिनी यांनी रेखिलेली तिची आकृती अप्रतिम खरी. परंतु मिउरा चालविणाराने, माझ्या मते, आरशाआधी पेट्रोलचा काटा पाहावा.