जवळी सालीतील खरेदी आणि आईची चंद्रकळा

आमचे मूळ घर धारवाडास. तीर्थरूपांनी व्यापारानिमित्त पुण्यास बिऱ्हाड केले त्यास आता साठ वर्षांवर काळ लोटला. तथापि आमच्या घरात 'गावी जाणे' या शब्दांचा अर्थ अद्यापि धारवाडास जाणे असाच होतो. गतवर्षी दिवाळीत निर्वाणलाडू अर्पण करून झाल्यावर आम्ही सहकुटुंब निघालो. थोरल्या नातीचे लग्न माघात ठरले होते. ओटीचे खण, मानाची लुगडी, मांडवात अंथरावयास एखादा बरा जमखाना, अशी यादी सौभाग्यवतींनी केली होती. आणि यादीच्या शेवटी, 'सासूबाईंची चंद्रकळा दाखवून आणणे' असे एक कलम होते. त्याविषयी पुढे सांगेन.

कापडाच्या व्यापाऱ्याने कापड घेण्यास दुसऱ्याच्या दुकानी जावे, यात थोडी गंमत आहे. आपण गादीवर बसून चाळीस वर्षे जे बोलत आलो तेच समोरून ऐकावे लागते, आणि त्यातले खरे किती ते आपणास ठाऊक असते.

हुबळीचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदप्तरी हुब्बळ्ळी झाले. ती आणि धारवाड मिळून एक महानगरपालिका १९६२ साली झाली. परंतु दोन्ही गावांचे स्वभाव काही एक झालेले नाहीत. धारवाड शाळा-कॉलेजांचे, गवयांचे आणि पेढ्यांचे, हुबळी पेठेची. आसमंतातील काळ्या रानात पिकणारा कापूस, रेल्वेचे मोठे ठाणे आणि मुंबई, बेंगळूर व गोवा या तिन्हींकडे फुटणारे रस्ते, यांमुळे व्यापार येथे आपोआप स्थिरावला. गुजरात-मारवाडकडून आलेले आपले बंधू आणि येथील जुने दिगंबर जैन व लिंगायत व्यापारी या पेठेत शेजारी शेजारी दुकाने थाटून बसले. दुर्गद बैलाचा गजबजलेला चौक ओलांडून आत वळले की जवळी साल लागते. जवळी म्हणजे कानडीत कापड आणि साल म्हणजे ओळ. नावातच सारे आले.

तेथे एका दुकानी आम्ही बसलो. दुकानाचे नाव लिहीत नाही. कारण पुढे ओघाने येईलच. समवेत धारवाडच्या वहिनी होत्या. वय ऐंशीच्या घरात, पण नजर अशी की माझ्या दुकानातील मुनीमजींनाही त्यांचा धाक वाटावा. दुकानदाराने इरकली लुगड्यांची चवड पुढे टाकली आणि म्हणाला, ''हातमागाचा माल आहे, सावकार. इळकलहून थेट येतो.'' रंग सुरेख होते, किंमतही हलकी. मी दहा लुगडी बाजूला काढू लागलो. वहिनींनी एक उचलले, पदर जेथे अंगाला मिळतो ती जागा उलटी केली, उजेडाकडे धरली आणि घडी करून परत ठेवून दिले.

''भाऊजी, याला कोंडी नाही,'' त्या म्हणाल्या.

ज्या तरुण वाचकांच्या घरी हा व्यापार नाही त्यांच्यासाठी चार शब्द लिहितो. इळकल हे गाव आज बागलकोट जिल्ह्यात आहे. तेथील पारंपरिक लुगड्याच्या अंगाचा ताणा सुती, तर पदराचा ताणा रेशमी असतो. हे दोन ताणे स्वतंत्र तयार करावयाचे आणि मग अंगाच्या एकेका धाग्याच्या फासात पदराचा एकेक धागा अडकवून दोन्ही जोडावयाचे. या जोडणीस कोंडी म्हणतात. यामुळे एका लुगड्यासाठी एकच ताणा तयार करावा लागतो. दहा-वीस लुगड्यांचा लांब ताणा एकदाच मागावर चढवून मोकळे होता येत नाही. पदर लाल, त्यात पांढऱ्या पट्ट्या, आणि त्यांत कंगव्याच्या दातांसारखी, किल्ल्याच्या तटासारखी, जोंधळ्याच्या कणसासारखी नक्षी. हाच तो 'टोपतेनी' पदर. यंत्रमागावर नक्षी हुबेहूब येते, रंगही येतो. परंतु ताणा अखंड राहतो, आणि पदराच्या जोडावर फासांची ती बारीक रांग बोटाला लागत नाही. डोळ्यांनी फसाल, पण बोटांनी फसणार नाही.

दुकानदार रागावला नाही. हसून म्हणाला, ''सावकार, हा माल पुण्यालाच जास्त जातो. तिकडे कोंडी कोण विचारतो?'' मी गठ्ठ्यावरील शिक्का पाहिला आणि मला गादीवर बसवेना. त्याच शिक्क्याचे गठ्ठे माझ्या दुकानी तीन वर्षे उतरत होते. मी ते 'इरकली' म्हणूनच विकले होते. हातमागाचे आहे असे मी स्वमुखाने कधी म्हटले नव्हते, हे खरे. पण गिऱ्हाईक तसे समजून नेत आहे हे दिसत असता मी त्यास अडविलेही नव्हते. आपल्या व्यवहारात यास काय म्हणतात ते मी वाचकांना सांगण्याची गरज नाही. सूनबाई शेजारीच होत्या. त्यांनी विचारले, ''मामंजी, आपल्याकडची तशीच का?'' मी 'होय' म्हटले. दुसरे काही सुचले नाही.

यंत्रमाग वाईट असे मी म्हणत नाही. रोज नेसावयास स्वस्त, टिकाऊ कापड हवेच, आणि इचलकरंजी-सोलापूरकडील कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. इळकलच्या लुगड्यास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हातमागाच्या मालासाठी सरकारने २००६ साली स्वतंत्र खूणही काढली. परंतु या साऱ्या कागदांचा उपयोग दुकानदाराने तोंड उघडले तरच.

शेवटी दुसऱ्या एका लहानशा दुकानात कोंडीची सहा लुगडी मिळाली, दुपटीहून अधिक दामाने. दोन वहिनींसाठी निराळी काढून घेतली. त्या रेशीम वापरीत नाहीत. किड्याच्या जिवावरचे वस्त्र अंगावर नको, हा त्यांचा लग्नापूर्वीपासूनचा नियम. या लुगड्यांच्या पदरात खऱ्या रेशमाऐवजी कृत्रिम रेशीम होते. जाणकार गिऱ्हाईक ज्यास कमअस्सल म्हणून नाक मुरडते, तेच आमच्या वहिनींना हवे होते. विणकराने काटकसरीसाठी केलेला बदल एखाद्या श्राविकेच्या नियमास असा उपयोगी पडतो, याचे मला मोठे कौतुक वाटले.

खणांची खरेदी लवकर उरकली. गुळेदगुड्डचा खण न ओळखणारे मराठी घर विरळा. ओटी भरताना नारळासोबत त्रिकोणी घडी ठेवतात ती हीच. पाच डझन घेतले. हल्ली खणाच्या कापडाच्या अख्ख्या साड्या, पिशव्या आणि वह्यांची वेष्टनेही निघाली आहेत. धाकटी नात एका पिशवीवर इतकी लुब्ध झाली की तीही घ्यावी लागली.

आता चंद्रकळेविषयी. माझ्या आईचे लग्न धारवाडात झाले तेव्हा तिला काळी इरकली चंद्रकळा मिळाली होती, पदराजवळ आणि काठावर कसूतीने भरलेली. 'कै' म्हणजे हात आणि 'सुती' म्हणजे सूत, अशी त्या शब्दाची फोड सांगतात. या भरतकामात कापडावर आधी छाप उठवीत नाहीत, रेघ काढीत नाहीत. ताण्या-बाण्याचे धागे मोजून टाका घालावयाचा. टाके चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंतीत सुई एकवार पुढे जाते आणि परत येताना मोकळी राहिलेली जागा भरून काढते. मुरगीची रेघ पायऱ्यापायऱ्यांनी चढते. या दोहोंत सुलट-उलट सारखेच दिसते आणि गाठ कोठेही दिसता कामा नये. नेगी विणकामासारखी भासते आणि मेंथी म्हणजे मेथीच्या दाण्यांसारखी फुली. आईच्या लुगड्यावर गोपुर होते, रथ होता, पालखी होती, अंबारीचा हत्ती होता. आई गेल्यानंतर ते ट्रंकेत राहिले, आणि घड्यांवर विरले.

धारवाडास वहिनींच्या ओळखीच्या एक कसूती करणाऱ्या बाई आहेत. त्यांना सारे अक्का म्हणतात. त्यांनी लुगडे मांडीवर पसरले, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ''हे सांधता येणार नाही. खालचा धागाच तुटला, तर टाका कशाला धरायचा?'' सौभाग्यवतींचा चेहरा उतरला. अक्कांनी लुगडे उलटे केले. सुलट बाजूचा रंग उन्हाने आणि धुण्याने उडाला होता. उलट बाजूस लाल, पिवळा, हिरवा अगदी ताजा होता. ''पण हे मोजता येईल,'' त्या म्हणाल्या. उलटीकडून टाके मोजून नव्या काळ्या इरकलीवर जसेच्या तसे उतरावयाचे, असा तो बेत. नव्या मुलीने पणजीच्या घरची नक्षी नेसावी, पण कापड तिचे स्वतःचे असावे.

अक्कांनी दाम सांगितला. आणि मी, सवयीने, घासाघीस केली. वहिनींनी माझ्याकडे पाहिले, पण अक्काच आधी बोलल्या: ''सावकार, तुम्ही एक पालखी मोजा. किती टाके भरतात ते सांगा, आणि टाक्याचा दर तुम्हीच लावा.'' नातीने ते आव्हान समजून भिंग घेतले आणि मोजू लागली. अर्धी पालखी झाली असेल, तिचा आकडा चुकला; पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा चुकला. चहा निवून गेला. मी सांगितलेला दाम पूर्ण कबूल केला आणि विसार दिला. माघापर्यंत सारे होणे नाही, हेही अक्कांनी स्पष्ट सांगितले. गोपुर आणि पालखी तेवढी होतील, रथ व हत्ती लग्नानंतर. वरातीस हत्ती मागून यावा, यावर घरात बराच विनोद झाला.

परतताना नातीच्या हट्टाने हुबळीत बेंगेरीस थांबलो. कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ तेथे १ नोव्हेंबर १९५७ रोजी स्थापन झाला. भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणपत्राने खादीचा राष्ट्रध्वज सिद्ध करणारी संस्था म्हणून तिचा लौकिक आहे. ध्वजाचे कापड बागलकोट जिल्ह्यातील तुळसीगेरीस विणले जाते. धारवाड तालुक्यातील गरग गावीही १९५४ सालापासूनच्या संघाचे ध्वजवस्त्राचे काम आहे. ध्वज १५० बाय १०० मिलिमीटरपासून ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपर्यंत नऊ मापांचा असतो आणि लांबी-रुंदीचे प्रमाण सर्वत्र ३:२. देशात मानके ठरविण्यास प्रारंभ झाला तेव्हा पहिल्या क्रमांकाचे मानक राष्ट्रध्वजाचेच निघाले, १९५१ साली. सूत, वीण, वजन, रंगाचा पक्केपणा, चोवीस आऱ्यांचे चक्र दोन्ही बाजूंस तंतोतंत जुळणे, हे सारे त्यात बांधून दिलेले आहे. काम करणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया आहेत. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिएस्टरच्या व यंत्रावर तयार झालेल्या ध्वजासही मुभा मिळाली आणि या संघाने २०२२ साली तिचा निषेध केला. नातीने सर्वांत लहान ध्वज घेतला; तो आता तिच्या अभ्यासाच्या मेजावर आहे.

राहिला जमखाना. हुबळीहून विजापूरच्या रस्त्याने नवलगुंद लागते. तेथील मुसलमान घरांतल्या स्त्रिया उभ्या मागावर सुताचे जमखाने विणतात. मोर, पोपट, सोंगट्यांचा पट अशी त्यांची नक्षी. आदिलशाहीच्या काळी त्यांचे पूर्वज विजापूरहून आले, असे तेथे सांगतात. दुकानात तयार नग एकच होता आणि तो लहान. मोठा हवा तर माग अडवावा लागेल, असे घरच्या बाईंनी सांगितले. विणणारे हात आता फार थोड्या घरांत उरले आहेत. मी रंग सांगितले, माप दिले, आणि या वेळी घासाघीस न करता निम्मे पैसे मोबाईलवरून पाठविले.

पुण्यास आल्यावर दुकानातील त्या शिक्क्याच्या गठ्ठ्यांवर मी 'यंत्रमाग' अशा चिठ्ठ्या लावविल्या. चिरंजीवांस ते प्रथम रुचले नाही. पहिल्या महिन्यात त्या मालाची विक्री घटली; दुसऱ्या महिन्यात काही गिऱ्हाइकांनी आपणहून विचारले, 'मग हातमागाचे कोठे आहे?' आणि आम्हांस इळकलला मागणी पाठवावी लागली. लग्न यथासांग पार पडले. गोपुर आणि पालखी वेळेवर आली, जमखाना मात्र आला नाही. परवा नवलगुंदहून निरोप आला: पोपटांची एक रांग पुरी झाली आहे, दुसरी मागावर आहे.